तिसऱ्या रांगेतल्या माणिकबाई

माळीपुरा, अमरावती
ता. ९ मार्च १९३६

मुख्य बाई, संध्याकाळच्या वर्गांच्या शिक्षिकांचा उन्हाळी अभ्यासक्रम, अकोला, यांस

अर्जदार माणिकबाई, वय एक्केचाळीस, धंदा शिकवण्याचा. शाळा सुटल्यावर माळ्यांच्या मुलींचा वर्ग चालवते, त्याला सोळा वर्षं झाली. आपल्या उन्हाळी अभ्यासक्रमात जागा द्यावी ही विनंती.

इथपर्यंत उत्तमरावांनी सांगितलं तसं लिहिलं. उत्तमराव म्हणजे या वर्गाची देखरेख करणाऱ्या आमच्या मंडळाचे नवे चिटणीस. माणूस सरळ आहे, पण नियमाचा कागद हातात आला की त्यांना समोरचं माणूस दिसत नाही. आता खालचं माझं आहे.

कौशल्या, ओळखलंस ना? ओळखलं असशीलच. माझं अक्षर बघून 'कोंबडी शाईत पाय बुडवून गेली' असं तू म्हणायचीस, ती कोंबडी अजून जिवंत आहे. चौदा वर्षांत एक ओळ नाही आणि काम पडल्याबरोबर हजर, असंही म्हणशील. म्हण. गरज सरल्यावर वैद्याला मारणारे पुष्कळ असतात, मी वैद्याला आधी मारून ठेवलं आणि गरज आता पडली.

गोष्ट अशी आहे. मंडळाला सरकारातून ग्रँट मिळू लागली. ग्रँटीबरोबर अट आली की जुलैपासून वर्गावर सर्टिफिकेट असलेलीच बाई पाहिजे. उत्तमराव परवा वर्गात आले, पोरींना शेंगदाणे वाटले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं शिकवनारं अमरावतीत कोनी नाई, हे मले ठाऊक आहे. पन कागद नाई ना तुमच्यापाशी." सोळा वर्षं शिकवून मी बिनकागदाची. तुझ्यापाशी कागद आहे, मोठी खुर्ची आहे, आणि मला कागद द्यायचा की नाही हेही आता तुझ्याच हाती आहे असं कळलं. देवाला कधीकधी भारीच थट्टा सुचते.

मागचं काही काढणार नाही असं ठरवून बसले होते. पण खोटं कशाला बोलू? त्या दिवशी पोरींच्या पुढ्यातल्या फुलांच्या टोपल्या तू उचलल्या नसत्यास तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता. झालं, काढलंच. तू रागावशील. रागाव.

जागा असेल तर कळव. नसेल तरी कळव.

माळीपुरा, अमरावती
ता. २ एप्रिल १९३६

कौशल्या,

तुझं उत्तर म्हणून काय आलं, तर छापील फॉर्म. वर नंबर सतरा, खाली तुझी सही. सहीतसुद्धा नाव अर्धंच. मी पाकीट उलटं करून झाडलं, आत चिठ्ठी असेल म्हणून. नव्हती.

फॉर्म भरला. एका रकान्यात विचारलं आहे, 'यापूर्वी परीक्षेस बसला होता काय? नापास झाल्यास कारण.' मी लिहिलं, 'सन १९२२. विद्यार्थिनी ऐनवेळी भेदरल्या.' एवढीच जागा होती.

माझ्याबरोबर शालू येते आहे. शालू माझीच विद्यार्थिनी, एकोणीस वर्षांची, दोन वर्षं वर्गात मला मदत करते. पोर हुशार आहे पण बोलायला लाजते. आम्ही दोघींनी जाणं दादाला पसंत नाही. माझा भाऊ जानराव तुला आठवत असेल, वडाळीच्या रस्त्यावरच्या मळ्यात तुला पहिल्यांदा मोगऱ्याची कळी कशी खुडतात ते त्यानंच दाखवलं होतं. काल मोट सोडून माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "काहून जातं वं या वयात अकोल्याले? तुले कोन शिकवन? तूच तं साऱ्या पुऱ्याले शिकवून राहिली!" मी म्हटलं, कौशल्या शिकवील.  मग म्हणाला, "ते येईन का आपल्या घरी कधी?" मी फॉर्मची घडी घालू लागले.

माझ्या या शिकण्या-शिकवण्यावरून दादाशी वाद नवा नाही. मी सतराव्या वर्षी भातकुलीहून पांढऱ्या कपाळानं परत आले, त्यानंतरच्या काही वर्षांत त्यानं दोनदा माझ्या पाटाची बोलणी केली. आपल्यात पाट लावायला कोणाची ना नसते. नवरा बरा होता म्हणे, चांदूर रेल्वेकडचा. मीच नको म्हटलं. दुपारच्या वेळी मळ्याच्या बांधावर आठ पोरी बसवून त्यांना बाराखडी शिकवत होते, तेवढंच मला पुरे वाटलं. शाळा सुटली की या पोरींना कोण विचारतं? आया बाजारात, बाप मोटेवर, आणि पोरींनी दिवेलागणीपर्यंत दुसऱ्या दिवशीचे हार ओवायचे. ओवायचं सोडून कोणी वर्गाला पाठवेना. म्हणून मी म्हटलं, फुलं घेऊनच या. टोपली पुढ्यात, दोरा बोटात आणि तोंडात पावकी. एक पावकी पाव, गाठ. दोन पावकी अर्धा, गाठ. तीन पावकी पाऊण, गाठ. हाराबरोबर पाढा वाढायचा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. गरजेनं सुचलं.

आणि मग १९२२ साली आपण दोघी अकोल्याला भेटलो. तुझ्या नवऱ्यानं दुसरी केलेली, तू बापाच्या शेतातून उठून ट्रेनिंगला आलेली. हातात एक गाठोडं, त्यात चार जोंधळ्याच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ती चटणी इतकी तिखट होती की मी रडले आणि तुला वाटलं मला घरची आठवण आली. तू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस आणि मला खरं सांगवेना. मैत्री अशी चुकून झाली आपली.

ते सहा महिने मी अजून जपून ठेवले आहेत, कौशल्या. फळा काळा करायला आपण कोळसा कुटून त्यात पाल्याचा रस घालायचो आणि दोघींचे हात आठवडाभर हिरवेकाळे राहायचे. जेवताना हात बघून स्वयंपाकीण ओरडायची. सकाळी मोर्णा नदीवर धुणं घेऊन जायचं आणि दगडावर धुणं आपटता आपटता एकमेकींना पाठ द्यायचा. मी बाई व्हायची, तू विद्यार्थिनी. तू मुद्दाम वेड्यासारखी उत्तरं द्यायचीस. 'पाऊस कुठून येतो?' 'बाई, बडनेऱ्याहून, दुपारच्या गाडीनं.' मी हसून पाण्यात बसले होते एकदा, लुगड्यासकट. माझ्या सबंध आयुष्यात मला तितकं हसवणारं दुसरं कोणी भेटलं नाही.

आता भेटू तेव्हा हसशील का? बहुतेक नाही. तू मुख्य बाई आहेस.

वसतिगृह, अकोला
ता. १४ मे १९३६

कौशल्या,

मी तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहते, रोज सकाळी तुझ्यासमोर बसते आणि पत्र लिहून पोस्टात टाकते. पोस्टमन काय म्हणेल? काही म्हणणार नाही, त्याला पत्राशी काम. मला तुझ्याशी तोंडानं बोलता येत नाही. प्रयत्न केला. हजेरी झाल्यावर मी उभी राहिले आणि 'कौश' एवढं तोंडातून निघालं. तू वहीतून मान वर न करता म्हणालीस, "माणिकबाई, आपण तिसऱ्या रांगेत बसा. तिथून फळा नीट दिसतो."

आपण! मला 'आपण'! रात्रभर नुसती धुमसत होते. सकाळी उठून तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. फळा खरंच नीट दिसतो. माझी जवळची नजर कमी झाली आहे हे तुला कसं कळलं? इथं नाव नोंदवताना मी कागद लांब धरला ते पाहिलं असशील.

तू बदलली आहेस. केस पिकले, चष्मा लागला, अंग भरलं. चालणं मात्र तेच, शेताच्या अरुंद धुऱ्यावरून चालल्यासारखं पाय जपून टाकत. बोलताना 'मले' आणि 'तुले' कुठं गेलं गं तुझं? सगळं धुऊन वाळत घातलेलं पुस्तकी बोलतेस. एकदाच, पंख्याची दोरी तुटली तेव्हा 'अरे बापा' म्हणालीस आणि मला इतकं बरं वाटलं.

इथं आम्ही बावीस जणी. बाकी सगळ्या विशी-पंचविशीतल्या. त्या मला आधी पाहुणी समजल्या, मग स्वयंपाकीण. आता 'माणिकमावशी' म्हणतात आणि त्यांच्या पाठाची टिपणं माझ्याकडून लिहून घेतात. ऊन असं आहे की दुपारी फरशीवर ओली पोती टाकून आम्ही त्यावर बसतो. शिकायला मात्र मजा येते, हे कबूल करते. पोरांचं वय आणि त्यांचं ध्यान किती वेळ टिकतं, नकाशा जमिनीवर कसा काढायचा, थकून आलेल्या पोराला लगेच पाढे न विचारता आधी गोष्ट का सांगायची, हे सोळा वर्षं मी आंधळ्यासारखी चाचपडत केलं, त्याला काही रीत आहे हे आता कळतं आहे. शालू रात्री मला म्हणाली, "बाई, हे सारं तं तुमी करूनच राहिल्या ना. मंग इथं काय शिकाचं?" मी तिला सांगितलं, करणं वेगळं आणि का करतो ते ठाऊक असणं वेगळं. हे वाक्य तुझंच आहे, सोमवारच्या तासाचं. मी माझं म्हणून खपवलं.

आता मी ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. आज सकाळी तू फळ्यावर लिहिलंस, 'हात आणि बुद्धी'. म्हणालीस की दिवसभर शाळेत बसून आलेल्या मुलाला संध्याकाळी पुन्हा हाताची घडी घालायला लावणं हा अन्याय आहे, त्याच्या हाताला काम द्या, मन आपोआप मागं येतं. पुढच्या रांगेतल्या एकीनं विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे? तू खडू खाली ठेवलास. "पुस्तकात नाही," म्हणालीस. "मी हे अमरावतीला एका बागेत पाहिलं. एका बाईनं स्वतःच्या डोक्यानं बसवलं होतं. मी गेली दहा वर्षं हेच शिकवते आहे."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. एकवीस जणींनी ते वहीत उतरवून घेतलं. मीही उतरवून घेतलं, कारण सगळ्या लिहीत होत्या आणि मला दुसरं काय करावं ते कळेना. शालूनं मला कोपरानं ढोसलं. माझी अक्षरं ओली होऊन पसरली.

दहा वर्षं, कौशल्या. मी पुऱ्यातल्या लोकांना तुझ्याबद्दल काय सांगत होते या दहा वर्षांत, हे तुला ठाऊक नाही. ठाऊक असेल. अमरावती-अकोला काही लांब नाही.

वसतिगृह, अकोला
ता. ३ जून १९३६

कौशल्या,

परवा माझा परीक्षेचा पाठ. परीक्षक तू. म्हणून हे पत्र आज लिहून ठेवते, पण पोस्टात टाकीन ते पाठ झाल्यावर. आधी टाकलं तर तुला वाटेल गूळ लावायला आली. तसा गूळ मी कोणाला लावलेला नाही, आणि तुला तर गोड आवडतच नाही.

फॉर्मवरचा तो नापास होण्याच्या कारणाचा रकाना मी आज कचेरीत जाऊन खोडला. कारकुनानं नवा फॉर्म द्यायला कुरकूर केली. नव्यावर जे लिहिलं ते तुझ्यापुढं येईलच, पण तिथं दोन ओळींचीच जागा आहे, म्हणून इथं सगळं लिहिते.

बावीस साली त्या दिवशी माझा परीक्षेचा पाठ बघायला परीक्षक बाई आमच्या मळ्यातल्या वर्गापुढं टांग्यातून उतरल्या. पांढरंशुभ्र लुगडं, पायात जोडे, बोलणं पुण्याकडचं. पोरी रांगेत बसल्या होत्या, पुढ्यात शेवंती आणि झेंडू, बोटं पिवळी झालेली. मी रोज बघत होते त्यांना. पण त्या बाईंच्या डोळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि मला लाज वाटली. ओला पाला, चिखलाचे पाय, देठांचा कचरा. मला वाटलं या म्हणतील हा वर्ग आहे की बाजार? त्या काही म्हणाल्या नव्हत्या. मीच म्हणून टाकलं मनात त्यांच्या वतीनं.

तू मदतीला म्हणून अकोल्याहून माझ्याबरोबर आली होतीस. मी तुझ्या कानाशी लागून म्हटलं, हे सगळं उचल आधी. तू म्हणालीस, "राहू दे ना माणके. हातात दोरा नसला तं पोरी मुक्या होतीन." मी म्हटलं, "उचल म्हटलं ना!" तू टोपल्या उचलून विहिरीमागं नेऊन ठेवल्यास. मी पोरींना सांगितलं, हाताची घडी.

पुढचं आपल्याला दोघींनाही पाठ आहे. बाईंनी पावकी म्हणायला सांगितली आणि सोळा पोरींतली एकही बोलेना. ज्या पोरी गाठीगाठीला पाढा म्हणायच्या त्यांना पाढ्याचं टोकच सापडेना. एक जण परकराच्या काठावर नुसतीच बोटं हलवत होती. मी ओरडले तशा आणखी घाबरल्या. बाईंनी विचारलं, वर्गाची तयारी नाही का? आणि मी तुझ्याकडे बोट केलं. म्हटलं, "या बाईंनी माझ्या मुलींचं काम हिसकावून घेतलं, म्हणून त्या भेदरल्या."

बाईंनी तुला विचारलं, "हे खरं आहे का?" तू तोंड उघडलंस. तू काय म्हणणार होतीस ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. कारण तुझ्या आधी मीच बोलले, "हो, खरं आहे."

तू तोंड मिटलंस. तुझ्या नावावर शेरा गेला, दुसरीच्या वर्गात ढवळाढवळ करते म्हणून. तुझा निकाल वर्षभर अडकला. नवऱ्यानं टाकलेली बाई, भावजयीच्या घरात ते एक वर्ष कसं काढलंस, हे मला नंतर कानावर आलं. त्या संध्याकाळी तू एकटी स्टेशनवर गेलीस. दादा म्हणाला, "जा वं, पोचवून ये तिले." मी गेले नाही. पुढं चौदा वर्षं सगळ्यांना सांगत राहिले की कौशल्यानं माझं सर्टिफिकेट घालवलं. इतकं सांगितलं की मलाही ते खरं वाटू लागलं. मार्चमधल्या पत्रातही तुला तेच लिहिलं, वर 'खोटं कशाला बोलू' म्हणून.

मी आपल्या लोकांच्या फुलांची लाज धरली आणि पाप तुझ्या पदरात टाकलं. तू मात्र तीच फुलं उचलून दहा वर्षं इथं शिकवलीस. माफ कर म्हणायला तोंड नाही. तरी म्हणते.

पाठाचा विषय 'संत्र्याचं झाड' मिळाला आहे. शालूच्या मामाची शेंदूरजनाघाटला बाग आहे, त्यांनी जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेलं एक कलम पाठवलं. पाठ चांगला होईल असं वाटतं. सोळा वर्षांचा सराव आहे, न व्हायला काय झालं?

माळीपुरा, अमरावती
ता. २६ जून १९३६

कौशल्या,

मी नापास.

शालू पास झाली, दुसऱ्या नंबरानं. ती घरी आली तेव्हा तोंड असं करून, की नापास तीच झाली आहे. मी तिच्या हातावर साखर ठेवली, पाठीत एक धपाटा घातला आणि मळ्यात विहिरीपलीकडे जाऊन तुला शिव्या दिल्या. मोठ्यानं दिल्या. बैल बिचकले. म्हटलं, चौदा वर्षांचा सूड उगवला बाईनं. तिच्या हाती सुरी आली आणि तिनं मान कापली. दादा ऐकत उभा होता. मला वाटलं तो माझी री ओढील. तो म्हणाला, "तिचा कागद तं वाच आधी. मंग बोंबल."

कागद म्हणजे तुझी टीका. सगळ्यांना अर्धं पान आलं आहे. शालूला चार ओळी. मला तीन पानं, पाठपोट, तुझ्या हातची. फोडायला चार दिवस लावले मी.

पहिल्या पानावर चांगलं आहे. आवाज, फळ्यावरचं चित्र, कलम हातात देऊन मुलींना फिरवू दिलं ते. मी म्हटलं, मग घोडं पेंड कुठं खातं? दुसऱ्या पानावर सापडलं. तू लिहिलं आहेस:

'उमेदवार प्रश्न विचारते, पण उत्तरासाठी थांबत नाही. पाऊण तासात एकावन्न प्रश्न, त्यांतल्या अडतिसांची उत्तरं तिनं स्वतःच दिली. "या झाडाचं मूळ कोणाचं?" असं विचारलं. दुसऱ्या रांगेतल्या मुलीनं तोंड उघडलं. तेवढ्यात उमेदवारानं "जंबेरीचं" असं सांगून टाकलं. मुलीनं तोंड मिटलं. पाठानंतर मी त्या मुलीला बोलावून विचारलं. तिला उत्तर येत होतं. जी मुलाला बोलू देत नाही तिला विषय कितीही येत असला तरी वर्ग देता येत नाही.'

मी तिथंच खाली बसले, कौशल्या. दादा काही विचारायला आला आणि बघून परत गेला. मी पुष्कळ रडले. तू पाठाबद्दलच लिहिलं आहेस, दुसऱ्या कशाबद्दल एक अक्षर नाही, हे मला समजतं.

उत्तमराव आले होते. जुलैपासून वर्ग शालूकडे, मी हवी तर मदतीला राहावं, असं मंडळाचं म्हणणं. नियमानं बरोबर आहे. शालू अडून बसली. "तुमी असतानी मी त्या खुर्चीवर नाई बसत, बाई." मी म्हटलं, जुलैची वाट कशाला, आजच बस मुकाट्यानं, पास झालीस ना? ती बसली. मी मागं भिंतीशी जाऊन बसले, पोरींत. माझ्या वर्गाकडे मागून मी कधी बघितलंच नव्हतं. शालूनं विचारलं, "वडाळीच्या तलावात पानी कोनीकून येते?" कोणी बोलेना. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, मी पदर तोंडात धरला. शालू नुसती उभी. एवढी लाजाळू पोर, पण घाई नाही तिला. मला तो वेळ अर्ध्या तासाएवढा वाटला. मग कोपऱ्यातली एक पोर, जी गेल्या दोन वर्षांत माझ्यासमोर एक शब्द बोलली नव्हती आणि जिला मी मंद म्हणून सोडून दिलं होतं, ती उठली आणि सगळं सांगितलं तिनं. डोंगर, नाला, पाट, सगळं. तिच्या बापाचा मळा तिथंच आहे.

अशा किती बसून गेल्या असतील माझ्या वर्गातून सोळा वर्षांत? याचं उत्तर मी देत नाही. मला ते ठाऊक नाही.

तिसऱ्या पानाच्या शेवटी तुझे दोन शेरे आहेत, वेगळ्या शाईत, चार दिवसांनंतरच्या तारखेचे. एक: 'नापास होण्याच्या कारणाचा खुलासा वाचला. नवीन काही नाही.' यावर मी रडता रडता हसले. ही वऱ्हाडी कौशल्या, पुस्तकी मुख्य बाईंच्या सहीत लपून बसलेली. दुसरा: 'पुढील अभ्यासक्रम दसऱ्यानंतर. उमेदवारानं तयारी करून पुन्हा यावं. तयारीला मी बसेन.'

हा दुसरा शेरा मी किती वेळा वाचला ते सांगत नाही. नियमात असं काही नाही, हे मी उत्तमरावांकडून खात्री करून घेतलं. परीक्षक कुणाच्या तयारीला बसत नाही, आणि बसलीच तर तिला त्या उमेदवाराची परीक्षा घेता येत नाही. म्हणजे दसऱ्यानंतर माझी परीक्षा दुसरीच कोणी घेणार. तू परीक्षकाची खुर्ची सोडून माझ्यापुढं मोर्णेवरच्यासारखी विद्यार्थिनी म्हणून बसणार, असाच याचा अर्थ ना?

बघ, उत्तरही मीच लिहून टाकणार होते पुढं. थांबले.

मंडळाची बैठक सोमवारी आहे. तोपर्यंत मला सांगायचं आहे की मी मदतनीस म्हणून इथंच राहते, की दसऱ्यानंतर पुन्हा अकोल्याला जाते. दादा म्हणतो जा. शालू म्हणते जा, वर्ग मी सांभाळते. मी काय म्हणते ते या पत्रात लिहीत नाही, कारण ते लिहिलं की तुला बोलायला जागा राहणार नाही.

उत्तर लांबलं तरी चालेल. छापील फॉर्मवर आलं तरी चालेल. नाही म्हणालीस तरी ते तुझ्या तोंडून ऐकेन.

कौशल्या, मी येऊ का?